मूठभर कापूस

१२ जानेवारी

तीर्थरूप अण्णा आणि माझी भांडकुदळ ताई,

फोनवर ताई "बरं आहे, बरं आहे" एवढंच म्हणते आणि अण्णा फोन कानाला उलटाच लावतात, म्हणून लिहायला बसलोय. अक्षर बघून नाकं मुरडू नका. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाच्या मानानं बरं आहे.

नोकरी परत बदलली. लगेच "याच्या पायाला चाक आहे" म्हणू नका. पावाच्या कारखान्यात भट्टीपुढे पावाच्या आधी मीच भाजून निघत होतो. आता एका मोठ्या धुलाईखान्यात आहे. हॉटेलांच्या चादरी ट्रॉल्या भरभरून येतात. एका बाजूनं ओल्या रोलरमध्ये शिरतात, दुसऱ्या बाजूनं कडक, गरम होऊन बाहेर पडतात. तिथं मी आणि एक टकलू समोरासमोर उभे राहतो आणि घड्या घालतो. चार पावलं पुढे, कोपऱ्याला कोपरा, चार पावलं मागे. लांबून बघणाऱ्याला वाटेल दोघं नाचतायत.

दिवसभर लोकांच्या झोपेच्या घड्या घालायच्या आणि आपण खोलीवर येऊन फोमच्या तुकड्यावर पडायचं. खोलीत चौघं, टकलू त्यातलाच. लोखंडी पलंग एकावर एक, खालचा त्याचा, वरचा माझा. फोम इतका दबलाय की पलंगाच्या पट्ट्या पाठीनं मोजून घ्याव्यात. गादीवाल्याचा पोरगा फोमवर! अण्णा, तुम्ही बघितलंत तर मला घरात घेणार नाही.

आता मुद्द्याचं. आईची गादी मला पाठवून द्या.

आई गेल्यावर चार दिवस आलो होतो तेव्हा ती शेडमध्ये भिंतीला उभी होती. घेऊन जाऊ का, असं जिभेवर आलं होतं, पण तेव्हा माझंच कुठं बूड टेकलेलं नव्हतं. आता जागा आहे. टकलूचा मेहुणा ट्रक चालवतो, तो तुमच्या बाजूला येणार आहे. वळकटी बांधून त्याच्याकडे दिलीत की झालं.

ताई, आठवतं का, अण्णा वर्षाकाठी घरातल्या सगळ्या गाद्या उसवायचे. पिंजणाची तार टण् टण् वाजायला लागली की आई आपल्याला पुढच्या दारानं बाहेर काढायची आणि आपण मागच्या दारानं आत. कापसाचा ढीग छपराला टेकायचा. मी त्यात उडी मारायचो. "गुदमरशील मेल्या!" म्हणून आई ओरडायची आणि मग तीच हसत सुटायची, कारण कापसातून माझे नुसते पाय दिसायचे. तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. म्हणायची, "बघून ठेवा, म्हातारी झाले की अशी दिसेन." तेवढी म्हातारी ती झालीच नाही.

दुपारी तिच्या पाठीला पाठ लावून मी त्या गादीवर झोपायचो. हलू दे, कूस बदलू दे, काही करू दे, मी चिकटून.

मला घरातलं दुसरं काही नको. भांडी नको, तिचे कपडे नको. ती गादी द्या. मग बघा कसा एका जागी टिकतो.

तुमचा,
भिंगरी


२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. घड्यांच्या नाचापर्यंत हसत होते. पुढचं ऐकून चष्मा शोधायला म्हणून उठले आणि शेडमध्ये निघून गेले. चष्मा कपाळावरच होता.

त्यांचं बरं चाललंय. रोज सकाळी विहारात जाऊन डोळे मिटून बसतात. शेजारची शिंपीणकाकू म्हणते, अण्णांचं ध्यान फार गाढ, मधूनमधून घोरण्याचा आवाजही येतो. परवा भन्तेजी शीलं समजावून सांगत होते. उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी उंच, मऊ बिछान्यावर झोपायचं नाही, असं त्यात एक आहे. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "भन्तेजी, हे सगळ्यांनी रोज पाळलं तर मी खायचं काय?" भन्तेजी म्हणाले, "गादीवाले, इतकी वर्षं सांगतोय, तुमचं एक गिऱ्हाईक तरी कमी झालं का?" सगळा विहार हसला. मीही हल्ली चटईवर झोपते. अण्णांना वाटतं लेक फार पुढे गेली. चारचौघांत कौतुक करतात.

घर तू आलास तर ओळखणार नाहीस. दोन ताटं, दोन पातेली, एक कपाट, एवढंच राहिलंय. बाकी ज्याला लागेल त्याला अण्णांनी देऊन टाकलं. मी म्हटलं, पाहुणा आला तर? म्हणाले, "दोघांनी जेवायचं, एकानं वाढायचं. तिसरं ताट लागतंय कशाला?" केर काढायला मात्र सोपं झालंय, खोटं कशाला बोलू.

हो, गादी पाठवते. खोळ फाटली होती म्हणून नवी शिवली. निळ्या रेघांचं कापड मिळालं नाही, करडं आहे.

वेळेवर जेवत जा. आणि त्या भल्या माणसाला टकलू म्हणू नको.

तुझी,
ताई


१ मार्च

ताई, अण्णा,

गादी आली!

ट्रक गल्लीत शिरत नव्हता म्हणून वळकटी डोक्यावर घेऊन आलो. जिना चढताना वरून कोणी उतरेना, खालून कोणी चढेना, सगळी इमारत अडवून ठेवली. खोलीतल्या तिघांना बाहेर काढलं, दार लावलं आणि गादीत तोंड खुपसलं. तोच वास. उन्हाचा आणि आईच्या केसांच्या तेलाचा. टकलू (त्याला टकलू म्हटलेलं आवडतं, विचारून घेतलंय) म्हणाला, "मला पण बघू दे." त्यानं वास घेतला आणि म्हणाला, "डिझेलचा येतोय." त्याला काय कळतंय.

पहिल्याच दिवशी असा झोपलो की कामाला उशीर. सुपरवायझर विचारतो, "काय रे, लग्नबिग्न केलंस की काय?"

पडल्या पडल्या सगळं दिसत राहतं. आई गादीच्या एका अंगाला, अण्णा दुसऱ्या अंगाला, मध्ये ती हातभर लांब सुई. खालून वर, वरून खाली. तुमची सगळी भांडणं त्या टाक्यांवरच व्हायची, अण्णा. भांडण जेवढं जोरात तेवढे टाके घट्ट आणि गिऱ्हाईक खूश. गोडीत असलात की ढिले पडायचे. शिंपीणकाकू तर म्हणायची, माझी गादी भरायला घ्याल तेव्हा आधी दोघं जरा भांडून घ्या.

आणखी लांबच्या एका कामाला माणसं हवी होती. टकलूनं नाव दिलं. मी दिलं नाही. बघितलंत?

अण्णा, भन्तेजींचं सोडणं-बिडणं माझ्या डोक्यात शिरत नाही. तुम्ही सगळं घर वाटलंत तरी मी हूं की चूं करणार नाही. ही एक गोष्ट माझ्यासाठी ठेवलीत, खूप झालं. ही काही मी सोडायचो नाही.

भिंगरी


१९ एप्रिल

ताई,

वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. गादीचा एक कोपरा भिजला. ओला कापूस कुजतो, हे मला कोणी शिकवायला नको. गच्चीवर नेली, कोपरा उसवला, कापूस बाहेर काढून पसरला.

सरकी. बोट घालावं तिथं सरकीचे काळे तुकडे.

आईच्या गादीतला कापूस माझ्या जन्माच्या आधीपासून दर वर्षी पिंजलेला. त्यात सरकीचा कण सापडला नसता. तो पिवळट होता, आखूड, बोटांत धरून ओढला की तुटायचा. हा पांढरा, लांब, नवा. आईनं हा कापूस डोळ्यांनी बघितलासुद्धा नाही. तरी म्हटलं, कोपऱ्यात भर घातली असेल. सगळी उसवली. शेवटपर्यंत तोच.

दीड महिना मी कशात तोंड खुपसून झोपत होतो? टकलूचं बरोबर होतं. डिझेल होतं ते.

आईची गादी कुठं आहे?


५ मे

भिंगरी,

मंगल असो.

मी आजवर कुणाला पत्र लिहिलं नाही. तुझ्या आईलाही नाही. ती कायम सुईच्या अंतरावर होती. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

ताईवर रागावू नको. तुझं गादी मागणारं पत्र आलं आणि मी चष्म्याचं निमित्त करून शेडमध्ये जाऊन बसलो. ती म्हणाली, मी करते काहीतरी. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हणजे हो म्हटलं.

तुझ्या आईची गादी आता नाही. तू परत गेलास आणि मी ती उसवली. खूप दिवस ऊन दिलं. मग पिंजली. कापूस इतका हलका झाला होता की तार लागली की वर जायचा आणि खाली यायलाच तयार नसायचा. मग शेडमध्ये जी गादी भरायला येईल तिच्यात एक मूठ टाकत गेलो. नव्या जोडप्याच्या गादीत टाकली. वसतिगृहाच्या गाद्यांत टाकली. एका पाळण्यातल्या गादीत टाकली. संपेपर्यंत हेच केलं. कुणाला बोललो नाही. चांगला कापूस जाळू नये आणि फेकू नये, एवढंच मला कळतं.

त्या दिवसांत मन हलकं झालं होतं. वाटलं, भन्तेजी सांगतात ते हेच. तुझं सरकीचं पत्र आल्यावर त्यांना जाऊन सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, शाबासकी मिळेल असंच वाटत होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलांना विचारलं होतंत?" मी म्हटलं, धाकटा लांब असतो. ते म्हणाले, "तुमचा वाटा तुम्ही सोडलात. त्याचा कुणी सोडला?"

मी रोज सकाळी सगळ्यांबरोबर म्हणतो, न दिलेलं घेणार नाही. ते दुसऱ्याच्या खिशाबद्दल आहे, असं धरून चाललो होतो.

ताई म्हणाली, त्या गाद्या कधीतरी परत पिंजायला येतील, तेव्हा एकेक मूठ काढून घेऊ. मी म्हटलं, कोणती मूठ? एकदा पिंजलेला कापूस वेगळा होत नाही. तू याच शेडमध्ये वाढलास, तुला सांगायला नको.

तुला द्यायला माझ्याजवळ काही उरलं नाही. राग धरायचा तर धर. पण जेवत जा.

अण्णा


२० जुलै

ताई,

फोन उचलत नाही म्हणून तू टकलूच्या नंबरावर फोन करतेस, हे मला कळलंय. जिवंत आहे. गादी परत भरली नाही. कापूस गोण्यांत कोंबून पलंगाखाली ढकललाय आणि मी फोमवर.

अण्णांचं पत्र फाडायला घेतलं होतं. फाटलं नाही. मग रागारागानं लांबच्या कामाला नाव देऊन आलो. जिथं गेलं की दोन-तीन वर्षं येता येत नाही, तसं काम आहे. म्हटलं, आता कशाला थांबायचं.

परवा घड्या घालताना टकलूला पहिल्यापासून सगळं सांगितलं. रोलरच्या आवाजात ओरडून सांगावं लागतं, त्यामुळे आमचं दुःख सगळ्या खात्याला कळलं. माझा वाटा, माझा वाटा, असं चाललं होतं माझं. टकलूनं माझ्या कोपऱ्याला त्याचा कोपरा लावला आणि म्हणाला, "आणि तुझ्या बहिणीचा?"

मी म्हटलं, "तिचं काय?"

"तिला कुणी विचारलं होतं का?"

चादर हातातच राहिली, मागून दुसरी येऊन पायांवर पडली. सुपरवायझरनं आमच्या दोन्ही घराण्यांचा उद्धार केला.

ताई, आजपर्यंतची माझी पत्रं आठव. मी, माझी पाठ, माझी झोप, माझी आई. मी चार दिवसांचा पाहुणा. तू तिथंच होतीस. अण्णांनी गादी उसवली तेव्हा तुला विचारलं होतं का? तुला ती हवी होती का?

खरं लिही. खोटं लिहिलंस तर सरकी सापडते मला.

भिंगरी


८ ऑगस्ट

भिंगरी,

हे पत्र अण्णांना न सांगता लिहितेय.

अण्णांनी मला विचारलं नाही, कारण मीच त्यांना सांगितलं होतं. "ती गादी घरातून काढा. आज. आत्ता." अशी ओरडले मी त्यांच्यावर. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. ते कात्री घेऊन उसवायला बसले. तुला लिहिताना त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि माझं नाव काढलं नाही.

तुला ती गादी म्हणजे कापसात उड्या आणि दुपारची झोप. मला नाही रे. कंबर मोडल्यावर आई तिच्यावरच पडून होती. थोड्या थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. माझा एक हात तिच्या खांद्याखाली, एक मांडीखाली. वळवलं की ती ओरडायची. मग म्हणायची, "तुला नाही गं ओरडत." नंतर नंतर मला ओळखेना. मी कोणीतरी बाई आहे, तिला छळायला येते, असं वाटायचं तिला. शिव्या द्यायची. आपली आई, भिंगरी. मला. तुला फोनवर "बरं आहे, बरं आहे" म्हणायची सवय लागली ती त्याच दिवसांत.

गादीत तिच्या अंगाचा खड्डा पडला होता. ती गेल्यावरही तसाच. ती भिंतीला उभी होती असं तू लिहिलंस ना, ती मीच उभी केली होती. खड्ड्याची बाजू भिंतीकडे करून. तू येणार होतास म्हणून.

चटईवर मी कुठल्या शीलासाठी झोपत नाही. गादीवर पाठ टेकली की कोणीतरी ओरडेल असं वाटतं आणि मी उठून बसते. गादीवाल्याची लेक जमिनीवर झोपते आणि लोक म्हणतात, काय साधी राहणी! मी म्हणू देते.

तुझं पहिलं पत्र वाचताना मला तुझा हेवा वाटला. तुझ्याजवळची आई हसत होती. मी आठवायला गेले की ती शेवटचीच येते, तिच्या मागची कोणी येतच नाही. म्हटलं, याची तरी आहे तशी राहू दे. म्हणून बाजारातून कापूस आणून गादी भरली. सरकी वेचायला हवी होती, घाई झाली.

लांब जायचं तर जा. पत्ता तेवढा कळव.

ताई


३ सप्टेंबर

ताई,

गेलो नाही. टकलू एकटा गेला. जाताना त्याचा खालचा पलंग मला देऊन गेला आणि गेटवर मिठी मारून म्हणाला, "माझं खरं नाव सांगून जाऊ का?" मी म्हटलं, नको, माझ्या ताईला तू टकलू म्हणूनच माहीत आहेस.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मग सुट्टीच्या दिवशी पलंगाखालच्या गोण्या गच्चीवर नेल्या. पिंजण कुठून आणणार? एक वाकलेला पाइप घेतला, त्याला सायकलच्या ब्रेकची तार ताणून बांधली. आवाज भसाडा येतो पण कापूस ऐकतो. आधी सरकी वेचली. सगळी. खोलीतले दोघं बसले मदतीला, "हे काय नशिबी आलं" म्हणत. पिंजायला लागलो तर कापूस उडून शेजारच्या गच्चीवरच्या ओल्या कपड्यांवर. घरमालकीण खालून ओरडली, "आभाळ फाटलं की काय!" तिला वर बोलावून तिच्याकडून उशीची खोळ मागून घेतली आणि भरून दिली. गप्प झाली.

अण्णांना सांग, माझा राग अजून थोडा आहे. बराच उतरलाय. आणि सांग की पाळण्यात टाकलेली मूठ मला आवडली.

ताई, त्या दिवसांतलं मी तुझ्याकडून घेऊ शकत नाही. मी तिथं नव्हतोच. पण हसणारी आई माझ्या एकट्याची नाही. ऐक. एकदा तिनं तुला कापसाची मिशी लावली, अण्णांचा कोट घातला, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि पुढच्या दारानं पाठवलं. तू घोगऱ्या आवाजात विचारलंस, "दोन माणसांची गादी केवढ्याला?" अण्णांनी मान वर न करता भाव सांगितला. तू म्हणालीस, "फार होतात." अण्णा म्हणाले, "मग एकट्यानं झोपा." आई दाराआड जमिनीवर बसून पोट धरून हसत होती, तिला उठताच येईना. मी बघत होतो म्हणून मला माहीत. तू तर पाठमोरी होतीस. आता दर पत्रात असं एकेक लिहीन, आठवेल तसं. तो तुझा वाटा आहे, माझ्याकडे पडून होता.

कापसाच्या मी दोन गाद्या केल्या. एक माझी, एक तुझी. तुझी टकलूच्या मेहुण्याकडे दिलीय. पातळ आहे, अंगाखाली जेमतेम पुरेल. टाके वाकडे आलेत, समोर भांडायला कोणी नव्हतं. हिच्या कापसावर माझ्याशिवाय आजवर कोणी झोपलेलं नाही, कोणी दुखण्यानं पडलेलं नाही. हिच्यात आईचं काही नाही, ताई. पाठ टेक.

भिंगरी